उणे एकेचाळीस म्हणजे काय

गेल्या हिवाळ्यात माझा आकडा बरोबर आला होता.
उणे एकेचाळीस. बर्फ अठरा सेंटीमीटर.
वारा वायव्येचा, रात्री वाढणारा.
उलानबातरहून शाबासकीचा कागद आला,
तो मी शेगडीच्या वरच्या भिंतीवर डकवला.

एप्रिलात त्सेरेनपिल आला.
बूट न झटकता, टोपी न काढता
त्याने टेबलावर पोतडी उपडी केली :
मेंढ्यांच्या कानांतले बिल्ले, पिवळे, प्लास्टिकचे.
“तुझा आकडा बरोबर होता,” म्हणाला,
“त्याचं मी करायचं काय होतं?”

ओरडला असता तर बरं झालं असतं.
तो गेल्यावर मी ते मोजले. दोनशे बारा.
मोजणं एवढंच मला येत होतं.

त्यानंतर मी हांडसुरेनकडे जाऊन बसू लागले,
जी सत्तर हिवाळे घोड्यांमागे हिंडली.
चुलीत वाळलं शेण सारत ती म्हणाली :
बर्फ किती, ते विचारू नकोस.
बर्फाच्या पोटात काय आहे ते विचार.
नोव्हेंबरात दोन दिवस ऊन लागतं, बर्फ पाघळतं,
तिसऱ्या रात्री पुन्हा आवळतं,
आणि गवतावर काच बसते.
त्याला आम्ही लोखंडी झुद म्हणतो.
मेंढीला गवत दिसतं.
दिसतं, बस्स.
दुकानाच्या बंद कपाटातल्या मिठाईसारखं.

आता माझ्या तक्त्याला नवे रकाने फुटलेत.
घोडे किती, कारण घोडा खुराने पापुद्रा फोडतो
आणि मेंढी त्याच्या पावलांमागून चरते.
उन्हाळ्यात गवत कुठवर आलं होतं, घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत.
ट्रकमध्ये डिझेल आहे का.
घरात कोण बाळंत होणार आहे, आणि कधी.
वरचे साहेब फोनवर विचारतात,
सोयोल्मा, हे हवामान आहे का?
मी म्हणते, हो साहेब, हेच.

या जानेवारीत मी लिहिलं :
बुधवारी रात्री दार आतून ढकललं तरी हलणार नाही,
फावडं आधीच आत घ्या.
दक्षिणेच्या खोऱ्यात मेंढीचं तोंड बारा दिवस गवताला लागणार नाही.
अशक्त जनावरं आजच विका. आठवड्याने गिऱ्हाईक नसेल.
वसतिगृहातली मुलं शुक्रवारी घरी आणू नका,
रडली तरी.
तापमान सगळ्यात शेवटी लिहिलं,
बारीक अक्षरात, सवय म्हणून.

त्सेरेनपिलने साठ मेंढ्या विकल्या, पडत्या भावात.
उरलेलं खिल्लार घेऊन खिंड ओलांडली
आणि परक्यांच्या कुरणाशेजारी, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सोसत,
तंबू ठोकला.

बुधवारी रात्री दारं खरंच हलली नाहीत.
पण पाचव्या दिवशी पश्चिमेकडून असा वारा सुटला
की दक्षिणेचं खोरं झाडल्यासारखं स्वच्छ झालं.
जे हलले नाहीत, त्यांच्या मेंढ्या
उघड्या गवतावर आरामात चरत होत्या.
मी बारा लिहिले होते.
चार भरले.

त्या रात्री जेवण गेलं नाही.
शाबासकीचा कागद काढायला गेले,
तो अर्धाच निघाला, अर्धा भिंतीने धरून ठेवला.

दहाव्या दिवशी त्याचा फोन आला.
“साठ,” तो म्हणाला.
“हो,” मी म्हणाले.
मग बराच वेळ दोघंही गप्प.
तारेच्या पलीकडे वाऱ्याची घरघर,
आणि तिच्या आड, अगदी जवळ,
दाढांचा संथ, ओला आवाज.
कोणीतरी रवंथ करत होतं.

“पुढच्या मंगळवारचं काय?” त्याने विचारलं.

समोर पडद्यावर आकडे तयार होते,
दशांश चिन्हासकट.
मी पडद्याकडे पाठ केली.
म्हटलं, आधी हे सांगा,
घोडे किती उरलेत?